नाशिकचा सादिक

जुन्या नाशकातल्या एका शाळेत मी कारकून होतो. जूनमध्ये पहिलीचे प्रवेश सुरू झाले की जनरल रजिस्टरात बागवान, पिंजारी, मोमीन, अत्तार, कोकणी अशी आडनावं ओळीनं उतरायची. आडनाव वाडवडलांच्या धंद्याचं नाहीतर मुलखाचं. ते निवडता येत नाही. पोराचं नाव मात्र घरचे हौसेनं ठेवतात. त्यांत ‘सादिक’ हमखास असायचा.

त्याचं कारण शाळेपासून हाकेच्या अंतरावर होतं. पिंजार घाटावरची बडी दर्गा ही हजरत सय्यद सादिक शाह हुसैनी यांची. मोगलाईत या गावाचं नाव गुलशनाबाद होतं, पेशवाईत ते पुन्हा नाशिक झालं. सरकारदरबारचं नाव मागे पडलं, पण पीरबाबांचं नाव घराघरांत राहिलं. “बडी दर्गावाल्या बाबांचं नाव आहे साहेब, नीट लिहा,” असं सांगणारे बाप मी पुष्कळ पाहिले.

नाव मूळचं अरबी. स्वाद, दाल, काफ ही त्याची धातूची अक्षरं. सादिक म्हणजे खरं बोलणारा, दिल्या शब्दाला जागणारा. कुराणात इस्माईल पैगंबरांना वचनाचे सच्चे म्हटलंय, ते याच शब्दानं. पहिले खलिफा अबू बक्र यांची ‘सिद्दीक’ ही पदवी आणि तिच्यावरून आलेलं सिद्दीकी आडनाव, दोन्ही याच घराण्यातली. आणि या नावाचे सर्वांत थोर धनी म्हणजे इमाम जाफर सादिक. पैगंबरांच्या वंशातले हे विद्वान इ.स. 765 मध्ये मदिनेत वारले. रजब महिन्याच्या 22 तारखेला अनेक घरांत त्यांच्या नावानं कुंड्यांची नियाज होते. मातीच्या कोऱ्या कुंड्यांत खीर-पुरी भरायची, फातिहा द्यायची आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना घरी बोलावून खाऊ घालायची.

नाव ठेवतात ते बहुधा अकीक्याला, सातव्या दिवशी. बाळाचं जावळ काढतात, मुलासाठी दोन बकरे करतात आणि केसांच्या वजनाइतकी चांदी गरिबाला देतात. हल्ली बहुतेक जण तेवढ्या चांदीचे पैसेच देतात. हा सदका. सदका आणि सादिक एकाच धातूचे. नुसतं तोंडानं खरं असून भागत नाही, हातानंही द्यावं लागतं, हे पोराला पहिल्याच आठवड्यात शिकवून होतं.

पुढे गाडी अडते ती कागदांवर. जन्मदाखल्यावर सादिक, शाळेत सादीक, आधारवर इंग्रजीत शेवटी ‘के’ आणि पासपोर्टच्या अर्जावर ‘क्यू’. मग प्रतिज्ञापत्र करा, गॅझेटमध्ये नाव छापून आणा. म्हणून नव्या आईबापांना एवढंच सांगतो: उर्दू, मराठी आणि इंग्रजी, तिन्ही लिप्यांतलं नाव आधी एका कागदावर पक्कं लिहा आणि मगच महापालिकेत जन्मनोंदीला जा.