खारेपाटातली उन्हाळी कोशिंबीर : जवळ्यापासून कोंबडीपर्यंत

पेण तालुक्यातील वडखळ आणि त्याच्या पश्चिमेला अलिबागकडे पसरलेला खारेपाट या पट्ट्यात उन्हाळ्याच्या जेवणात कच्च्या कैरीची सामिष कोशिंबीर फार जुनी आहे. तिच्यातला सामिष भाग मात्र कोंबडीचा नसून सुकवलेल्या मासळीचा असे. तव्यावर कोरडा भाजलेला जवळा, किसलेली कैरी, बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची, ओले खोबरे आणि कोथिंबीर एवढ्यावर ती होते. चूल फक्त जवळा भाजण्यापुरती पेटते. तांदळाच्या भाकरीबरोबर खाल्ली जाणारी ही कोशिंबीर चैत्र-वैशाखातल्या दुपारच्या जेवणाची सोय होती, आणि आजही अनेक घरांत आहे. थंड कोंबडी आणि फळे एकत्र करून खाण्याची पद्धत या भागात अलीकडे आली. ती ज्या पायावर उभी राहिली तो पाया मात्र जवळ्या-कैरीने घातलेला आहे, आणि त्याचा उगम इथल्या जमिनीत आणि खाडीत शोधावा लागतो.

वडखळ अंबा नदीच्या खाडीजवळ वसले आहे. हीच खाडी पुढे धरमतरची खाडी म्हणून ओळखली जाते. भरतीचे पाणी जिथवर चढते तिथवरची जमीन मूळची खारी. ती भातासाठी मिळवली गेली ती मातीचे बांध घालून. बांधांना उघाड्या ठेवायच्या, ओहोटीला आतले पाणी बाहेर सोडायचे, भरतीला खारे पाणी अडवायचे आणि पावसाच्या गोड पाण्याने माती धुऊन घ्यायची, असे हे काम वर्षानुवर्षे चालले. पेण भागात त्यासाठी शिलोत्री नावाची स्वतंत्र पद्धत होती. बाहेरचा मोठा बांध राखणाऱ्या शिलोत्रदाराला शेतकरी पिकाचा वेगळा हिस्सा देत. बांधाला खांड पडली, की शेतात खारे पाणी शिरे आणि पुढची काही वर्षे जमीन भात देत नसे. स्वातंत्र्यानंतर 1948 च्या खार जमीन कायद्याने आणि पुढे 1979 च्या कायद्याने ही जबाबदारी बऱ्याच अंशी शासनाकडे आली.

अशा जमिनीत पावसाळ्यात एकच पीक येई. उन्हाळ्यात खारेपाटातली शेते तडकलेली आणि कोरडी असत, गोड्या पाण्याची टंचाई असे, आणि पालेभाजी जवळपास नसे. हातात राहत तांदूळ, मीठ आणि खाडी. मिठाची वाण कधीच नव्हती, कारण पेण आणि उरणच्या बाजूला मिठागरे होती. जेवणात हिरवे काय घालायचे हा प्रश्न झाडावरच्या कैरीने सोडवला, आणि भाताबरोबर तोंडी लावायला काय हा प्रश्न सुक्या मासळीने. उन्हाळी कोशिंबीर ही टंचाईतून घडलेली गोष्ट आहे, आणि तिची चव इतकी नेमकी असण्याचे कारणही तेच असावे.

सुकी मासळी उन्हातच तयार होते. होळीनंतर ऊन कडक झाले की किनाऱ्यावर जवळा पसरून वाळवला जातो, बोंबील बांबूंच्या वलांडीवर टांगले जातात, कोळंबी सोलून तिचे सोडे केले जातात. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, आणि 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्यामुळे मे महिन्यात चार महिन्यांची बेगमी करून ठेवण्याची रीत आगरी आणि कोळी घरांत पक्की आहे. तिला आगोटीची खरेदी म्हणतात. पेण, नागोठणे, पोयनाड इथल्या बाजारांत सुकी मासळी, मसाल्याच्या मिरच्या, हळद, कांदे, चिंच असे सगळे एका वेळी घेतले जाते. पावसाळ्यासाठी घेतलेल्या जवळ्यातला ताजा, अजून करकरीत असलेला भाग आधी कोशिंबिरीत जातो. कैरी आणि जवळा यांचा हंगाम असा एकमेकांत मिसळतो: मासळी वाळायला लागणारे ऊन आणि कैरी भरायला लागणारे ऊन एकच.

कैरीचे काम केवळ आंबटपणाचे नाही. सुक्या मासळीला एक उग्र वास असतो, तो आम्लाने उतरतो. कैरीचा रस मुरला की जवळा मऊही पडतो. म्हणून जाणत्या घरांत कोशिंबीर पान वाढायच्या क्षणी कालवतात आणि मीठ अगदी शेवटी घालतात, कारण मिठाने कैरीला पाणी सुटते. दक्षिणेकडे गोव्यात याच कुळातली किसमूर होते. तिच्यात सुकी सुंगटे, खोबरे, कांदा आणि आंबटपणासाठी बहुधा चिंच किंवा कोकम असते. यांतली हिरवी वा लाल मिरची मात्र मूळची अमेरिकेची. ती पश्चिम किनाऱ्यावर आली पोर्तुगिजांच्या व्यापारातून. वडखळपासून फार लांब नसलेल्या चौल-रेवदंड्याला पोर्तुगीज सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून 1740 पर्यंत होते. पेरू, पपई, अननस आणि काजू हीसुद्धा त्याच समुद्री वाटेने आलेली झाडे. त्यापूर्वी तिखटासाठी मिरी आणि आले होते.

कोशिंबिरीतल्या कांद्याला अलिबाग तालुक्यात स्वतंत्र इतिहास आहे. कार्ले, खंडाळे आणि आसपासच्या गावांत भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर पांढरा कांदा लावतात आणि फेब्रुवारीपासून काढायला लागतात. 1883 च्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये त्याची नोंद असल्याचे सांगितले जाते, आणि 2022 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. लाल कांद्याचा झणका त्याच्यात नाही. किंचित गोडसर चव आणि भरपूर रस आहे. तो शिजवणे म्हणजे त्याचा गुण घालवणे. पातीसकट वाळवून त्याच्या माळा विणतात, आणि त्या माळा घराच्या आढ्याला टांगल्या की पावसाळाभर टिकतात. अलिबाग–वडखळ रस्त्यावर उन्हाळ्यात या माळा लटकलेल्या दिसतात. इथून जाणाऱ्या प्रवाशाला खारेपाटाची ओळख बहुतेक वेळा पहिल्यांदा याच माळांतून होते.

मग कोंबडी या कोशिंबिरीत आधीच का आली नाही? गावठी कोंबडी दारात होतीच. पण ती परड्यात फिरून वाढलेली, चिवट मांसाची. तिला मऊ करायला मंद आचेवर बराच वेळ द्यावा लागे, आणि वाटणाचा रस्सा हा तिचा योग्य शेवट मानला जाई. ती अंड्यांसाठी राखली जाई, आणि कापली जाई ती पाहुणा आला, देवाला मान द्यायचा असला किंवा पावसाळ्याच्या तोंडावर सण असला तर. शिवाय उन्हाळ्यात मानमोडीची साथ आली, तर गावातल्या कोंबड्या पटापट मरत. ज्या घरात खोताला जमिनीचा खंड भरल्यावर तांदूळही मोजून उरे, त्या घरात कोंबडी ही बचत होती. याच खारेपाटात चरी गावातून 1933 ते 1939 असा नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचा संप झाला. कुळांनी खोतांच्या जमिनी कसायचे नाकारले आणि सहा वर्षे ते टिकून राहिले. हा इतिहास बाजूला ठेवून इथल्या जेवणाचा विचार करता येत नाही. खाडीतली चिंबोरी, जवळा आणि रानातली फळे यांना जेवणात जे स्थान मिळाले ते केवळ आवडीने मिळालेले नाही.

कोंबडी रश्श्याशिवाय खाण्याची एक रीत मात्र इथे पूर्वीपासून आहे, आणि ती हिवाळ्यातली आहे: पोपटी. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात शेतात वालाच्या शेंगा भरतात. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला अंथरायचा, त्यावर ओवा आणि जाडे मीठ लावलेल्या शेंगांचा थर, मध्ये मसाला लावून केळीच्या पानात गुंडाळलेली कोंबडी, अंडी, बटाटे, पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी घट्ट कोंबलेला पाला. मडके पालथे ठेवून त्याच्याभोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या पेटवतात. आत पाण्याचा किंवा तेलाचा थेंब नसतो. शेंगा आणि पाला यांच्याच ओलाव्याच्या वाफेवर सगळे शिजते. किती वेळ ठेवायचे हे वासावरून आणि मडक्यावर पाणी शिंपडल्यावर येणाऱ्या आवाजावरून ठरवतात. भांबुर्डा ही पडीक शेतात उगवणारी उग्र वासाची वनस्पती. तिच्याशिवाय पोपटी होत नाही असे जाणकार सांगतात, आणि ते बरोबर आहे, कारण कोंबडीला लागणारा तो रानवट वास दुसऱ्या कशानेही येत नाही.

पोपटीतली कोंबडी हाताने सोडवून, हिरव्या दाण्यांबरोबर, कोरडीच खातात. कोंबडी आणि ताजी वनस्पती एकाच घासात, मध्ये वाटण नाही: चवीच्या दृष्टीने उन्हाळी चिकन सॅलडचा इथला सर्वांत जवळचा पूर्वज हाच. पण वाल वाळला की पोपटी संपते. कैरी येते त्याच्यानंतर. ऋतूंनी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या होत्या.

फळांची थाळी ही या कोशिंबिरीकडे येणारी आणखी एक धारा. पेण, रोहा-अष्टमी, अलिबाग, रेवदंडा या गावांत मराठी बोलणारे बेने इस्राएली ज्यू पिढ्यान्‌पिढ्या राहिले. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, पाळणारे म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. अलिबागजवळचे नवगाव हे त्यांच्या पूर्वजांचे उतरण्याचे ठिकाण मानले जाते, आणि खंडाळे इथला खडक प्रेषित एलियाहू हन्नावीशी जोडलेला आहे. त्यांच्या मलिद्याच्या विधीत भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची आणि त्याबरोबर ताजी फळे मांडतात. पेण पोह्यांसाठी नावाजलेले गाव, तेव्हा सामग्री दारातलीच. या समाजात मांसाबरोबर दूध-दही चालत नाही, त्यामुळे कोंबडीच्या कालवणात नारळाचे दूध येते. कोशिंबीर म्हटली की दही असे घाटावरचे समीकरण आहे. खारेपाटातल्या आणि बेने इस्राएली स्वयंपाकातल्या सामिष पदार्थांत ते काम खोबरे करते, आणि कोंबडीला दह्यापेक्षा नारळाचा रस अधिक मानवतो.

कोंबडी स्वस्त आणि मऊ झाली ती विसाव्या शतकाच्या शेवटच्या तीन दशकांत. 1971 मध्ये बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, आणि पुढे ब्रॉयलर कोंबडी देशभर पसरली. काही आठवड्यांत वाढणारी, पंधरा-वीस मिनिटांत शिजणारी, हाडावेगळी मिळणारी ही कोंबडी रश्श्याची वाट न पाहता थेट कोशिंबिरीत जाऊ शकत होती. गावठीची चव तिच्यात नाही हे खरे. पण थंड खायला तिचे पांढरे मांस सोयीचे ठरले.

दुसरा बदल रस्त्याने केला. पूर्वी मुंबईहून अलिबागच्या बाजूला येणारे बरेच जण बोटीने रेवस किंवा धरमतरला उतरत. मुंबई–गोवा महामार्ग, जो आधी 17 क्रमांकाचा होता आणि आता 66 क्रमांकाचा आहे, वाहता झाल्यावर वडखळ नाका हा अलिबागचा फाटा म्हणून महत्त्वाचा झाला. नाक्यावर खानावळी आल्या, आणि कडेला कलिंगडाचे ढीग, ताडगोळे, जांभळे आणि करवंदे. करवंदे-जांभळे विकायला बसणाऱ्या बऱ्याच बायका पेणच्या डोंगरातल्या कातकरी आणि ठाकूर वाड्यांतल्या असतात. याच काळात किनाऱ्यावर सुट्टीच्या घरांची आणि हॉटेलांची संख्या वाढली, आणि त्यांच्याबरोबर मेयोनेजमध्ये कालवलेले चिकन सॅलड आले. त्या पदार्थाचे एक प्रसिद्ध रूप 1953 साली लंडनमध्ये राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाच्या भोजनासाठी रोझमेरी ह्यूम आणि कॉन्स्टन्स स्प्राय यांनी तयार केले होते. त्यात थंड कोंबडी, जर्दाळूचा गर आणि करी पावडर होती. फळ, मसाला आणि थंड कोंबडी हे जोडकाम तिथे नवे वाटले. कैरी आणि मसाल्याची जोड मात्र इथे आधीपासून नांदत होती.

खारेपाटाच्या सामग्रीतून आज ही कोशिंबीर करायची तर मेयोनेजची गरज पडत नाही. पाव किलो हाडावेगळी कोंबडी मीठ, हळद आणि आल्याच्या तुकड्याबरोबर थोड्या पाण्यात पूर्ण शिजवतात. निवेपर्यंत ती त्याच पाण्यात ठेवतात, म्हणजे कोरडी पडत नाही. मग हाताने रेषा सोडवतात. दोन पांढरे कांदे उभे पातळ चिरून, अर्धी कैरी किसून, एक हिरवी मिरची आणि मूठभर कोथिंबीर घालतात. अर्ध्या वाटी घट्ट नारळरसात थोडे आले किसून आणि चवीपुरती साखर घालून त्यात कोंबडी आधी कालवून घेतात. तीन-चार कोवळे ताडगोळे सोलून त्यांच्या फोडी, आणि हवे असेल तर वाटीभर कलिंगडाचे तुकडे वाढायच्या वेळी मिसळतात, कारण कलिंगडाला लगेच पाणी सुटते. मीठ सर्वांत शेवटी. नारळरस उन्हाळ्यात लवकर आंबतो आणि शिजलेली कोंबडीही बाहेर टिकत नाही, म्हणून कालवलेली कोशिंबीर तासाभरात संपवावी. उरेल इतकी करू नये. हापूसचा गर घालण्याचा मोह काहींना होतो. तो टाळलेला बरा, कारण पिकल्या आंब्याचा गोडवा कांदा आणि नारळ दोघांनाही झाकून टाकतो.

डोलवीचा पोलाद कारखाना, वाढती वस्ती आणि महामार्गाचे रुंदीकरण यांनी वडखळचा परिसर बदलला आहे. बाह्यवळण रस्त्यामुळे गोव्याकडे जाणारी बरीच वाहने आता जुन्या नाक्याला वळसा घालतात. अनेक ठिकाणी बांध फुटून शेतात खारे पाणी शिरले आहे आणि तिथे भाताऐवजी मत्स्यतलाव दिसतात. पांढऱ्या कांद्याला मानांकनामुळे भाव आणि नाव मिळाले, त्याचबरोबर त्याच्या नावाने दुसरीकडचा कांदा विकला जाण्याचा त्रासही वाढला. जवळ्याची कोशिंबीर मात्र घराघरांत होते. कोंबडीची कोशिंबीर तिच्या शेजारी आली आहे, तिच्या जागी नव्हे.