घरबसल्या पीएचडी? वडनेरहून आलेला प्रश्न आणि दीडशे वर्षांचा इतिहास

ज्यांना बसमध्ये इअरफोन सापडत नाही, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी मजकूर. बोलताना होणारं 'अं' आणि 'म्हणजे ना' तेवढं गाळलंय, बाकी जसंच्या तसं.

आजचा विषय एका व्हॉइस नोटमधून आला, आणि ती आली वडनेरहून. नाशिककडचं वडनेर भैरव नव्हे, दर्यापूरकडचं वडनेर गंगाईही नव्हे. हे वर्धा जिल्ह्यातलं, हिंगणघाटच्या पुढे नागपूर-हैदराबाद हायवेवरचं वडनेर. म्हणजे माझंच गाव. त्यामुळे उत्तर देणं भागच होतं.

प्रश्न असा: "ताई, मी एमबीए आहे. तासिका तत्त्वावर शिकवतो. एका कंपनीचा रोज फोन येतो. परदेशी युनिव्हर्सिटीची मॅनेजमेंटमधली पीएचडी, पूर्ण ऑनलाइन. नोकरी सोडायची नाही, गाव सोडायचं नाही. बाबा म्हणतात, कापसाचे पैसे आले की भरून टाकू. भरू का?"

आधी उत्तर देते, इतिहास मग. नको भरू. निदान हा भाग संपेपर्यंत तरी नाही.

आता तुम्ही विचाराल, काहून? बी.ए. घरबसल्या होतं, एमबीए ऑनलाइन होतं, बँक फोनमध्ये आली, मग पीएचडीनंच काय घोडं मारलं? प्रश्न अगदी रास्त आहे. 'नियम आहे म्हणून' एवढ्या उत्तरावर त्याची बोळवण करणं बरं नाही. म्हणून थोडं मागे जाऊ.

परीक्षा वर्गाबाहेर पडली ते वर्ष

साल १८५८. लंडन विद्यापीठाला नवी सनद मिळाली. तोवर तिथल्या पदवीसाठी ठरलेल्या कॉलेजात शिकणं बंधनकारक होतं. नव्या सनदेनं सांगितलं की तुम्ही कुठेही शिका, कसेही शिका, आमची परीक्षा पास व्हा, पदवी घ्या. जगातल्या दूरशिक्षणाचं एक मोठं मूळ इथे आहे.

त्याच्या वर्षभर आधी, १८५७ मध्ये, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथे विद्यापीठं सुरू झाली, तीही लंडनच्याच नमुन्यावर. म्हणजे सुरुवातीचं मुंबई विद्यापीठ स्वतः वर्ग घेत नव्हतं. शिकवायचं काम कॉलेजांचं, परीक्षा घेऊन पदवी द्यायचं काम विद्यापीठाचं. शिकवणं एकीकडे आणि पदवी दुसरीकडे, ही फारकत आपल्याकडे पहिल्या दिवसापासून आहे. आपल्या भागासाठी नागपूर विद्यापीठ आलं १९२३ मध्ये.

'बाहेरून परीक्षा दिली' हा शब्दप्रयोग तुमच्या आजोबांच्या तोंडी ऐकला असेल. मॅट्रिक होऊन शाळेत लागलेले गुरुजी बाहेरून बी.ए. करायचे, मग एम.ए., मग हेडमास्तर व्हायचे. त्यांना कुणी 'खोटी पदवी' म्हटलं नाही, कारण पेपर तोच होता आणि तपासणारेही तेच. त्या पदव्यांची इभ्रत होती ती परीक्षेमुळे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एका प्रोफेसराची अर्धी राहिलेली डॉक्टरेट

आता डॉक्टरेटकडे येऊ. यातलं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या घरातलंच आहे: डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

१९१३ मध्ये ते बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, १९१६ मध्ये लंडनला. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परत यावं लागलं. पुढे १९१८ ते १९२० ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होते. सिडनहॅम म्हणजे कॉमर्सचं कॉलेज, बरं का. कॉमर्सच्या पोरांना शिकवणारा एक प्रोफेसर पगारातून पैसे साठवतोय, मित्राकडून कर्ज घेतोय, शाहू महाराजांची मदत घेतोय, आणि राहिलेली डॉक्टरेट पूर्ण करायला १९२० मध्ये पुन्हा लंडनला जातोय. तासिका तत्त्वावरच्या माझ्या श्रोत्याला ही गोष्ट जवळची वाटेल.

रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध परीक्षकांनी १९२३ मध्ये परत केला आणि पुन्हा लिहायला सांगितला. पैसे संपले होते. ते मुंबईला आले, इथे बसून प्रबंध सुधारला, लंडनला पाठवला, आणि त्याच वर्षी तो मान्य झाला. कोलंबियाचं तर आणखी लांबलं. तिथला प्रबंध १९२५ मध्ये पुस्तकरूपानं छापला गेला आणि पीएचडी मिळाली १९२७ मध्ये.

म्हणजे शेवटचा टप्पा त्यांनीही 'दुरून'च पार पाडला. कागद बोटीनं समुद्र ओलांडून गेला आणि चालला. पण परीक्षकांची हरकत, तिला द्यायचं उत्तर आणि पुन्हा लिहिणं यातून बाबासाहेबांचीसुद्धा सुटका झाली नाही. डॉक्टरेटचा जीव इथे आहे. कुणीतरी जाणकार तुम्हाला 'हे कशावरून?' असं विचारतो, आणि तुम्ही सिद्ध करून दाखवता.

मॅनेजमेंटची डॉक्टरेट तशी कालची पोर

आपल्या जिल्ह्यात कॉमर्सचं उच्च शिक्षण फार जुनं नाही. वर्ध्याचं गोविंदराम सेकसरिया कॉमर्स कॉलेज सुरू झालं १९४० मध्ये, शिक्षा मंडळाचं, म्हणजे जमनालाल बजाजांनी उभ्या केलेल्या संस्थेचं. श्रीमन्नारायण तिथे प्राचार्य होते. १९४४ मध्ये 'गांधीवादी योजना' मांडणारे ते हेच. सेवाग्राम हाकेच्या अंतरावर आणि वर्गात हिशेब आणि व्यापार, असं ते वर्धा.

मॅनेजमेंट हा वेगळा विषय म्हणून त्यानंतर आला. १९६१ मध्ये कलकत्ता आणि अहमदाबादचे आयआयएम, १९६५ मध्ये मुंबईचं जमनालाल बजाज इन्स्टिट्यूट. पुन्हा तेच बजाज! अहमदाबादच्या आयआयएमनं १९७१ मध्ये डॉक्टरेटच्या तोडीचा अभ्यासक्रम सुरू केला. पण गंमत बघा, त्याला पीएचडी म्हणता येत नव्हतं. आयआयएमला कायद्यानं पदवी द्यायचा अधिकारच नव्हता, म्हणून 'फेलो' म्हणायचे. तो अधिकार आला २०१७ च्या आयआयएम कायद्यानं, जो लागू झाला जानेवारी २०१८ मध्ये. आयआयएम अहमदाबादसारख्या संस्थेनं सुमारे सत्तेचाळीस वर्षं 'पीएचडी' हा शब्द वापरला नाही, कारण कायदा नव्हता. आणि इथे एक कॉल सेंटर तो शब्द सरळ हप्त्यांवर विकतंय.

पोस्टमन, अभ्यासकेंद्र आणि ज्ञानगंगा

दरम्यान पदव्या घरी पोचवायचं काम जोरात सुरू होतं. १९६२ मध्ये दिल्ली विद्यापीठानं पत्राद्वारे शिक्षण सुरू केलं. १९८२ मध्ये हैदराबादला देशातलं पहिलं मुक्त विद्यापीठ निघालं. १९८५ मध्ये इग्नू आलं. इग्नूनं १९८७ मध्ये सुरुवात केली ती फक्त दोन अभ्यासक्रमांनी, विद्यार्थी ४,५२८. त्या दोनांपैकी एक कोणता? डिप्लोमा इन मॅनेजमेंट! म्हणजे मॅनेजमेंट आणि दूरशिक्षण यांची जोडी तेव्हापासूनची आहे.

आणि १९८९ मध्ये नाशिकला आपलं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. पहिले कुलगुरू राम ताकवले, ब्रीद 'ज्ञानगंगा घरोघरी'. शाळा सुटलेल्या बाया, शिफ्टमधले कामगार, एसटीचे कंडक्टर रविवारी अभ्यासकेंद्रावर जाऊन पदवीधर झाले. ही शिक्षणातली खरीखुरी क्रांती होती, तिला कमी लेखू नका. आज मान्यता असलेला ऑनलाइन एमबीए हा नेहमीच्या एमबीएइतकाच धरला जातो, तो याच वाटेवरचा पुढचा मुक्काम.

मग पीएचडीशी येऊन गाडी का अडली?

कारण बी.ए. किंवा एमबीएमध्ये ठरलेला अभ्यासक्रम असतो. पुस्तक घरी पाठवा, परीक्षा केंद्रावर घ्या, काम झालं. पीएचडीला पुस्तकच नसतं, ते तुम्हाला लिहायचं असतं. तिथे परीक्षा शेवटी एकदा होत नाही, ती गाइडसमोर आणि समितीसमोर वर्षानुवर्षं चालते. ही रोजची परीक्षा काढून घेतली तर हातात उरते फक्त पावती.

आणि पावतीला गिऱ्हाईक होतं. ज्या कागदावर नोकरी, बढती आणि पगारवाढ टांगलेली असते, त्या कागदाचा बाजार भरणारच. जगभर भरला. मे २०१५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं कराचीच्या ॲक्झॅक्ट कंपनीचं बिंग फोडलं. अस्तित्वातच नसलेल्या विद्यापीठांच्या शेकडो वेबसाइट, खोटे प्राध्यापक, आणि पैसे मोजले की डॉक्टरेटपर्यंत काहीही.

आपल्याकडे यूजीसीनं २००९ च्या नियमांत दूरस्थ पद्धतीनं पीएचडी चालवायला बंदी घातली. २०१६ मध्ये ती कायम राहिली. नोव्हेंबर २०२२ च्या नियमांत दूरस्थ आणि ऑनलाइन दोन्ही नको, असं आलं. त्याआधीच, ऑक्टोबर २०२२ मध्ये, यूजीसी आणि एआयसीटीई यांनी मिळून जाहीर सूचना काढली होती: परदेशी संस्थांशी हातमिळवणी करून एडटेक कंपन्या ज्या ऑनलाइन पीएचडी देतात, त्यांना मान्यता नाही. माझ्या श्रोत्याला येणारा फोन नेमका याच जातीचा आहे.

एक गोष्ट न्यायानं सांगायला हवी. परदेशातली प्रत्येक दूरस्थ डॉक्टरेट खोटी नसते. तिकडची काही चांगली विद्यापीठं दूर राहणाऱ्या विद्यार्थ्यांना घेतात आणि घाम काढतात. डी.बी.ए. ही पदवीही तिकडे काम करणाऱ्या मॅनेजरांसाठी असते, फक्त ती पीएचडी नव्हे. पण परदेशी पदवी इथल्या सरकारी किंवा अनुदानित नोकरीत धरायची तर समकक्षता लागते. ती नसेल तर घरच्या दारावर 'डॉ.' लिहिता येईल, कॉलेजच्या मस्टरवर नाही.

वडनेरहून खरी वाट कोणती?

वाट आहे, आणि तिचं नाव अर्धवेळ पीएचडी. नोकरी करता करता चालते, नोकरीच्या ठिकाणचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. वर्धा जिल्हा आजही नागपूर विद्यापीठाकडेच आहे, आणि नागपूर आपल्यापासून हायवेनं सरळ. प्रवेश परीक्षा किंवा नेट, मुलाखत, मग किमान १२ क्रेडिटचं कोर्सवर्क, दर सेमिस्टरला समितीसमोर प्रगती सांगायची, शेवटी किमान दोन बाहेरचे परीक्षक आणि व्हायवा. मुदत कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, नंतर पुन्हा नोंदणी करून दोन वाढतात. महिलांना आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना आणखी दोन. मुलींनो, हे घरी मोठ्यानं वाचून दाखवा.

म्हणजे घर सोडावं लागत नाही, पण महिन्या-दोन महिन्यांतून बस पकडावी लागते. बाकी वाचन, आकडेवारी, लिखाण वडनेरला बसूनच.

आणि विषय शोधायला लांब जायची गरजच नाही. हिंगणघाटचा कापूस एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या बाजारात नावानं ओळखला जायचा. आजही हंगामात गाड्यांच्या रांगा लागतात. शेतकरी कापूस आज विकायचा की घरात ठेवायचा, हे कशाच्या जोरावर ठरवतो? जिनिंगवाला खेळतं भांडवल कसं फिरवतो? शेतकरी उत्पादक कंपन्या काही ठिकाणी टिकतात, काही ठिकाणी का बसतात? हे सगळं मॅनेजमेंट आहे. एसी ऑफिसातल्या माणसाला हे प्रश्न सुचायला वर्ष जाईल.

आता फोनवरच करता येण्यासारखी तीन कामं. एक, विद्यापीठाचं नाव यूजीसीच्या साइटवर बघा, आणि तिथली बोगस विद्यापीठांची यादीही बघा. दोन, 'शोधगंगा' उघडा. भारतातल्या विद्यापीठांचे हजारो प्रबंध तिथे फुकट आहेत. तुम्हाला हवा असलेल्या गाइडचं नाव टाका, त्यांच्या विद्यार्थ्यांनी काय लिहिलंय ते वाचा. तीन, समोरच्याला एकच विचारा: "माझा गाइड कोण, आणि तो मला नापास करू शकतो का?" नापास व्हायची सोय नसेल, तर ती पदवी नव्हे, खरेदी आहे.

आणि हो, असिस्टंट प्रोफेसर व्हायला पीएचडी हवीच, हे डोक्यातून काढा. जुलै २०२३ पासून नेट, सेट किंवा स्लेट ही किमान अट आहे, पीएचडी ऐच्छिक. नोकरी हेच ध्येय असेल तर यंदाच्या कापसाच्या पैशातून आधी सेटचा फॉर्म भरा. उरलेले बाबांच्या खात्यात राहू द्या, पुढच्या पेरणीला लागतील.

तुमच्या गावात कुणाला असा फोन आला असेल तर हा भाग त्याला पाठवा, शक्यतो पहिला हप्ता जायच्या आत. पुढच्या भागात भेटू. तोवर ऐकत राहा, वाचत राहा!