झेंडा उतरवायचा कसा?

सोलापूरच्या कॅलेंडरमध्ये जानेवारीचे दोन आठवडे गच्च भरलेले असतात. १२ तारखेला हुतात्मा दिन. लगेच भोगी-संक्रांतीला सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा आणि नंदीध्वजांची मिरवणूक. मग २६ जानेवारी. तिन्हींचा संबंध कुठे ना कुठे उभ्या काठीशी आणि निशाणाशी आहे, आणि तिन्ही येतात ऐन थंडीत.

झेंडा चढवण्याचे फोटो आपल्याकडे ढीगभर असतात. उतरवण्याचा फोटो सहसा कुणी काढत नाही. पण सोलापूरचा इतिहास चाळला, तर झेंडा उतरवण्याचीही एक मोठी गोष्ट सापडते.

तीन रंग, पण वेगळे

६ एप्रिल १९३०. गांधीजींनी दांडीला मीठ उचलून कायदा मोडला तो दिवस. त्याच दिवशी सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर अण्णासाहेब भोपटकरांच्या हस्ते राष्ट्रीय झेंडा चढला. ब्रिटिश राज्य चालू असताना, त्याच राज्याच्या कायद्याने चालणाऱ्या एका संस्थेच्या इमारतीवर.

हा झेंडा आज आपण पाहतो तो नव्हे. तेव्हाच्या झेंड्यात वर पांढरा, मध्ये हिरवा आणि खाली लाल पट्टा असे, आणि त्यावर चरखा. केशरी-पांढरा-हिरवा हा क्रम काँग्रेसने १९३१ साली स्वीकारला. चरख्याच्या जागी अशोकचक्र आलं ते संविधान सभेच्या २२ जुलै १९४७ च्या ठरावाने.

झेंड्यासाठी तुरुंगात जाणं मराठी मुलखाला नवीन नव्हतं. १९२३ मध्ये नागपुरात झेंडा सत्याग्रह झाला होता. झेंडा हातात घेऊन बंदी असलेल्या रस्त्याने चालायचं आणि अटक करून घ्यायची, एवढाच कार्यक्रम. देशभरातून लोक त्यासाठी नागपूरला आले. सोलापूरने सात वर्षांनी पुढचं पाऊल टाकलं. झेंडा रस्त्यावरून थेट नगरपालिकेच्या इमारतीवर गेला.

पुढच्या महिन्यात चित्र पालटलं. ५ मे रोजी गांधीजींना अटक झाली. सोलापूर पेटलं. गिरण्या बंद पडल्या, ८ मे रोजी गोळीबार झाला, आणि पुढचे तीन दिवस शहरात इंग्रजांची सत्ता नावालाही उरली नाही. १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला. लष्करी अंमलात राष्ट्रीय झेंडा मिरवणं हा गुन्हा ठरला, गांधी टोपीसुद्धा डोळ्यांत खुपू लागली. नगरपालिकेवर तो झेंडा राहणं शक्यच नव्हतं.

मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. त्यांच्यावरचा आरोप झेंड्याचा नव्हता, दोन पोलिसांच्या हत्येचा होता. पण ज्या मे महिन्याने त्यांना फासापर्यंत नेलं, त्याच महिन्यात झेंडा हातात धरणं हाही गुन्हा होता. संक्रांत तोंडावर आलेली असताना शहरात ही बातमी पोचली असेल. चार पुतळ्यांच्या चौकातून जाताना एवढं आठवलं तरी पुरे.

सूर्यास्ताचा नियम

स्वातंत्र्यानंतर झेंडा आपला झाला, पण सामान्य माणसाला तो वर्षभर घरावर लावता येत नव्हता. त्यासाठी मोजके राष्ट्रीय दिवस ठरलेले होते. २६ जानेवारी २००२ पासून नवी ध्वजसंहिता लागू झाली आणि ही अट गेली. २३ जानेवारी २००४ रोजी नवीन जिंदल यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा नागरिकाचा हक्क असल्याचं मान्य केलं. डिसेंबर २०२१ मध्ये खादीसोबत पॉलिएस्टर आणि यंत्रावर विणलेलं कापडही चालू लागलं. जुलै २०२२ मध्ये शेवटची मोठी अट गेली. आता झेंडा दिवसरात्र फडकत ठेवता येतो.

आधीचा नियम होता सूर्योदय ते सूर्यास्त, हवामान कसंही असो. चढवताना झपकन, उतरवताना सावकाश. आपण हा नियम मानापानाचा समजत आलो. पण त्यात एक साधी सोयही दडलेली होती. रोज उतरवलेला झेंडा रोज कुणाच्या तरी हातात येतो. शिवण उसवलीय का, कडा विरलीय का, कापड ओलं आहे का, हे घडी घालताना आपोआप कळतं. दोर चढवता-उतरवताना कप्पी अडकते का, तेही समजतं. म्हणजे सूर्यास्ताचा नियम ही रोजची तपासणी होती.

आता झेंडा वर राहतो आणि ती तपासणी बंद पडते.

थंडी काय करते

आपल्याकडे बर्फ नाही, म्हणून हिवाळा झेंड्याला सोपा, असं वाटतं. तसं नाही. निरभ्र रात्री दव पडतं. सुती कापड ते पितं आणि जड होतं. सकाळी ऊन आणि कोरडा वारा ते वाळवतात. ओलं, कोरडं, ओलं, कोरडं. ओल्या कापडाला धूळ चिकटते आणि वाळल्यावर तीच धूळ धाग्यांना घासते. झेंडा पहिल्यांदा फाटतो तो दोरीपासून सगळ्यांत लांबच्या कडेला, कारण ती कड चाबकासारखी आपटत असते. दोन टाके सुटले तेव्हाच शिवलं तर झेंडा वाचतो. महिनाभराने पाहिलं तर चिंध्या.

ओला झेंडा घडी करून पेटीत टाकला तर बुरशीचे काळे डाग पडतात. आधी सावलीत वाळवावा, मगच घडी. खांबाचं काम काढायला मात्र हिवाळ्यासारखा काळ नाही. पावसाळ्यात पायथ्याशी साचलेल्या पाण्याने धरलेला गंज आता खरवडता येतो, रंग नीट वाळतो, कप्पीला तेल-ग्रीस देता येतं.

उंची वाढली की हे सगळं अवघड होतं. मार्च २०१७ मध्ये अटारी सीमेवर ३६० फुटी खांब उभा राहिला आणि वाऱ्याने तिथला झेंडा पुन्हा पुन्हा फाटला. खांब एकदाच उभारायचा असतो, पण कापडाचा खर्च दर वेळी नव्याने येतो. फाटलेला झेंडा फडकवायचा नाही, असं संहिता सांगते. तो एकांतात, मान राखून, शक्यतो जाळून संपूर्ण नष्ट करायचा.

काठी धरणारे हात

सोलापुरात याला एक जुना जोड आहे. नंदीध्वज हे नाव ध्वजाचं, पण तिथं खरी कसोटी काठीची. सात उंच, सजवलेल्या काठ्या. पांढरी बाराबंदी घातलेले भक्त त्या उभ्याच्या उभ्या तोलत शहरभर नेतात, सिद्धरामेश्वरांनी स्थापलेल्या ६८ लिंगांपर्यंत. एका वेळी काठीचा तोल एकाच्या अंगावर, आणि आजूबाजूला सांभाळणारे अनेक. वेगवेगळ्या समाजांना वेगवेगळ्या काठीचा मान. यासाठी सराव कितीतरी आठवडे आधी सुरू होतो, कारण रस्त्यावर वाऱ्याचा झोत आला तर काठी कशी सावरायची हे ऐनवेळी शिकता येत नाही.

या परंपरेत प्रत्येक काठीला तिची माणसं आहेत. ही काठी कुणाची, हे विचारावं लागत नाही. आपल्या सोसायटीतल्या, शाळेतल्या, चौकातल्या खांबाबद्दल हा प्रश्न विचारून पाहा. २६ जानेवारीला दोर ओढायला पाहुणे असतात. २७ तारखेला कप्पी कोण बघतं?

झेंडा लावण्याचा हक्क आपल्याला २००४ मध्ये मिळाला. १९३० मध्ये तो मागणाऱ्यांनी जबर किंमत मोजली. आपल्या वाट्याला आलेलं काम त्या मानाने फार छोटं आहे: सुई-दोरा, थोडं ग्रीस, आणि आठवड्यातून एकदा मान वर करून नीट बघणं. झेंडा उतरवणं म्हणजे हार नाही, हे एवढं कळलं की बाकीचं जमतं.