भूमिपुत्र कोण? मलेशियाच्या राजकारणातला वंश आणि प्रांत

'भूमिपुत्र' हा शब्द मराठी माणसाला नवा नाही. १९६६ साली शिवसेना निघाली तेव्हापासून मुंबईतल्या नोकऱ्यांच्या वादात तो आपण ऐकत आलोय. हाच संस्कृत शब्द मलाय भाषेत 'बुमिपुत्रा' होऊन मलेशियाच्या सरकारी धोरणात पक्का बसलाय, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असतं. आपल्याकडे मलेशियाचं नाव निघालं की 'प्रगत मुस्लिम देश' एवढं म्हणून विषय संपतो. आम्हाला वाटतं, तो देश समजून घ्यायचा तर आधी तिथला 'वंश' समजून घ्यावा लागतो.

सुरुवात इंग्रजांपासून. त्यांच्या अमलात मलायातल्या कथिलाच्या खाणींत चिनी मजूर आले, रबराच्या मळ्यांत तमिळ मजूर आणले गेले आणि मलाय शेतकरी भातशेतीतच राहिला. १८९१ च्या जनगणनेत पेनांग, मलाक्का आणि सिंगापूरच्या लोकांना मलाय, चिनी, तमिळ अशा मोठ्या गटांत टाकलं गेलं. जावा-सुमात्राहून आलेले वेगवेगळ्या बोलींचे लोक मलायांबरोबर एकाच गटात गेले. मलाय माणूस मळ्यावर राबायला तयार नव्हता, म्हणून तो 'आळशी' ठरला. हा शिक्का कसा तयार झाला, ते सय्यद हुसेन अलातास या विद्वानाने १९७७ च्या आपल्या ग्रंथात उलगडून दाखवलं. गंमत अशी की इंग्रज गेल्यावर हीच भाषा मलाय नेत्यांच्याही तोंडी आली. महाथीर मोहम्मद यांनी १९७० साली 'द मलाय डायलेमा' या पुस्तकात मलाय समाजाच्या मागासलेपणाचं कारण आनुवंशिकतेतही शोधलं. पुस्तकावर बंदी आली आणि ती उठली १९८१ मध्ये, महाथीर स्वतः पंतप्रधान झाल्यावर! त्यांचे स्वतःचे पूर्वज वडिलांकडून केरळचे.

हे कसं चालतं? तर राज्यघटनेच्या कलम १६० मध्ये 'मलाय' कोण ते लिहिलंय: इस्लाम मानणारा, रोज मलाय बोलणारा, मलाय चालीरीती पाळणारा. म्हणजे रक्तापेक्षा दीन, जबान आणि रिवाज. पेनांगच्या कित्येक तमिळ मुस्लिम घराण्यांना या व्याख्येतून वाट मिळाली. शेजारच्या तमिळ हिंदूला ती नाही, मग त्याचं घर तिथे चार पिढ्यांचं का असेना.

१३ मे १९६९ रोजी क्वालालंपूरमध्ये मलाय-चिनी दंगल उसळली. सरकारी आकड्यानुसार १९६ माणसं मेली, संसद १९७१ पर्यंत बंद राहिली. त्यानंतर नवं आर्थिक धोरण आलं. कंपन्यांच्या भांडवलात बुमिपुत्रांचा वाटा जेमतेम २.४ टक्के होता, तो वीस वर्षांत ३० टक्क्यांवर न्यायचा ठरला. विद्यापीठांत जागा, सरकारी नोकऱ्या, ठेके, सगळीकडे प्राधान्य. गरिबी झपाट्याने घटली हे मान्यच करायला हवं. पण आपल्याकडे आरक्षण सत्तेबाहेरच्यांसाठी मागितलं जातं, तिथे सवलत आहे ती बहुसंख्याकांना, ज्यांच्या हाती सत्ताही आहे. नोव्हेंबर २००७ मध्ये हजारो तमिळ वंशाचे लोक क्वालालंपूरच्या रस्त्यावर उतरले ते याच दुखण्यातून. भारतात अल्पसंख्य म्हणून आपण जी मोजपट्टी लावतो, ती या मळेमजुरांच्या नातवंडांबाबत बाजूला ठेवायची का? आम्ही तरी ठेवणार नाही.

पक्षही वंशावरच उभे राहिले: मलायांचा अमनो, चिन्यांचा एमसीए, भारतीयांचा एमआयसी. तिघांची आघाडी २०१८ पर्यंत एकदाही सत्तेबाहेर गेली नव्हती.

पण सगळा देश या तीन वंशांत मावत नाही, आणि इथेच प्रांताचा प्रश्न येतो. केलांतानमध्ये लोक मलाय आणि मुस्लिमच, तरी त्यांनी १९९० पासून अमनोला बाहेर ठेवून 'पास' या इस्लामी पक्षाला निवडलंय. बोलीही त्यांची निराळी. समुद्रापलीकडे बोर्निओ बेटावरची साबा आणि सारावाक ही राज्यं १९६३ मध्ये काही अटींवर देशात आली. सिंगापूरही त्याच वेळी आलं आणि १९६५ मध्ये बाहेर पडलं. सारावाकमध्ये इबान आणि इतर आदिवासी मोठ्या संख्येने ख्रिस्ती आहेत. कायद्याने तेही बुमिपुत्रच, पण मलाय नव्हेत. सारावाकमध्ये अमनोला कधी पाय रोवता आला नाही. क्वालालंपूरचा नागरिकसुद्धा तिथे गेला तर विमानतळावर त्याची तपासणी होते, कारण प्रवेशावर राज्याचा स्वतःचा ताबा आहे. २०२२ च्या निवडणुकीत कुणालाच बहुमत मिळालं नाही, तेव्हा अन्वर इब्राहिम यांना पंतप्रधानपदी बसवताना सारावाकच्या आघाडीच्या २३ जागांना सोन्याचं मोल आलं.

आणि तरीही मलेशियात अर्ज भरायचा म्हटलं की वर्षानुवर्षं रकाने ठरलेले: मलाय, चिनी, भारतीय. चौथा 'लाइन-लाइन', म्हणजे इतर. साबाचे कादाझान आणि सारावाकचे इबान, ज्यांची जमीन त्यांना 'भूमिपुत्र' म्हणते, ते या चौथ्या रकान्यावर खूण करत आले.