उभ्या गाडीचा दिवा

वाहनाला दिवा लावावयाचा तो पुढचा रस्ता दिसावा म्हणून, ही समजूत इतकी सार्वत्रिक आहे की मोटारसायकलीच्या मुख्य दिव्यालगत मिणमिणणाऱ्या त्या इवल्याशा 'पार्किंग'च्या दिव्याचे प्रयोजन विचारले असता भलाभला स्वारही क्षणभर घुटमळतो. कारण त्याच्या उजेडात हातभर अंतरावरचा खड्डासुद्धा दिसत नाही, आणि तो दिसावा अशी त्याच्या निर्मात्यांची अपेक्षाही नव्हती. अंधारात उभ्या असलेल्या गाडीवर समोरून येणाऱ्याने आदळू नये, एवढेच त्याचे नेमून दिलेले काम. या दिव्याचे पालकत्व शास्त्रज्ञांपेक्षा कायदेपंडितांकडे अधिक जाते. ब्रिटनमध्ये 1927 साली रस्त्यावरील वाहनांच्या दिव्यांसंबंधी जो अधिनियम झाला, त्याने रात्री सार्वजनिक रस्त्यावर असलेल्या वाहनास, मग ते धावत असो वा कडेला निवांत उभे असो, पुढे पांढरा व मागे तांबडा दिवा तेवत ठेवण्याची सक्ती केली. आणि मालक घरात घोरत असताना दारातल्या मोटारसायकलीचा दिवा रात्रभर जळत कसा ठेवावा, हा प्रश्न कारखानदारांच्या गळ्यात पडला.

त्याआधीच्या पिढीने दिव्यासाठी सोसलेले कष्ट पाहिले म्हणजे या प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात येते. विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारसायकलीवर असे ते कार्बाइडचे दिवे. आपल्याकडे आंबे पिकविण्याच्या बदनाम धंद्यामुळे घरोघर ठाऊक झालेला तोच हा पदार्थ. पितळी डब्याच्या खालच्या कप्प्यात कार्बाइडचे खडे भरावयाचे, वरच्या कप्प्यातून पाण्याचे थेंब त्यांवर ठिबकू द्यावयाचे, म्हणजे ॲसिटिलीन वायू निर्माण होऊन रबरी नळीवाटे दिव्यापर्यंत जाई आणि काडी ओढताच शुभ्र, प्रखर ज्योत उभी राही. प्रकाश खरोखरच सुंदर. परंतु त्याची उस्तवार अशी की प्रत्येक प्रवासानंतर डब्यात साठलेला चुन्याचा लगदा खरवडून काढावा लागे, कडाक्याच्या थंडीत पाणी गोठून दिवा रुसे, आणि पाण्याची तोटी बंद केल्यानंतरही ओल्या खड्यांतून वायू निघतच राहिल्यामुळे ज्योत स्वाराच्या इच्छेनुसार लागलीच विझण्याचे नाव घेत नसे. असला दिवा उभ्या गाडीवर रात्रभर जळत ठेवणे खर्चिक खरेच, शिवाय चित्ताला स्वस्थता न देणारेही.

डायनामो आणि बॅटरी यांचा अंमल सुरू झाल्यावर हा सारा व्याप सरला, पण काटकसरीचा प्रश्न नव्या रूपाने पुढे आला. 6 व्होल्टच्या बॅटरीची क्षमता सुमारे 12 अँपिअर-तास. मुख्य दिवा 24 वॅटचा धरला तर तो 4 अँपिअर ओढणार आणि तीन तासांत बॅटरी रिती करणार. याउलट पुढचा 3 वॅटचा छोटा दिवा व मागचा तितकाच तांबडा दिवा मिळून 1 अँपिअर घेतात, म्हणजे बारा तासांची, अर्थात एका रात्रीची, तजवीज होते. बर्मिंगहॅमच्या ल्यूकस कंपनीच्या स्विचावर मुख्य दिव्याच्या आधी छोट्या दिव्यासाठी जी निराळी खूण असे, तिच्यामागे हा साधा त्रैराशिकाचा हिशेब होता.

पुढे 1954 सालच्या आपल्या गाड्यांवर रॉयल एनफील्डने मुख्य दिवा, वेगमापक आणि ॲमीटर यांना सामावून घेणारे एक अखंड धातूचे शिरोवेष्टन बसविले व त्याच्या दोन्ही खांद्यांवर एकेक छोटा दिवा दिला. एकाने भागणाऱ्या कामासाठी दोन दिवे देण्यात उपयुक्ततेपेक्षा शोभेचा भाग अधिक होता असे माझे मत आहे. परंतु 1955 साली मद्रासेत एनफील्ड इंडियाची स्थापना झाली, बुलेट तेथे बनू लागली, आणि ही दिव्यांची जोडी समुद्र ओलांडून आली ती कायमचीच. रॉयल एनफील्डचा इंग्लंडातील रेडिचचा मूळ कारखाना 1967 मध्ये बंद पडला. मद्रासच्या बुलेटवर मात्र ते दोन 'टायगर लॅम्प' अव्याहत तेवत राहिले. गंमत अशी की आपल्या 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमावलीत उभ्या गाडीच्या दिव्याचे जे कलम आहे, त्यातून मोटारसायकलीला चक्क वगळलेले आहे! ज्या सक्तीपोटी हा दिवा जन्मला, ती या कलमाने येथे त्याला लागूच केलेली नाही.

आमच्याकडची खरी अडचण निराळी होती. बॅटरीवाचून चालणाऱ्या स्कूटरी व हलक्या मोटारसायकली यांचा दिवा थेट इंजिनाच्या चाकातील मॅग्नेटोवर जळे. त्यामुळे इंजिन बंद पडले की दिवाही गेला, चौकात गती मंदावली की तो पिवळा पडला, आणि चढावर इंजिन जोराने फिरविले की बल्बच उडाला. वळणावर क्लच दाबून, ॲक्सिलरेटर पिळून दिवा 'वाढविण्याची' हातोटी त्या पिढीच्या अंगवळणी पडलेली होती. अशा अभावातूनच पुण्याच्या नाना पेठेत आणि मुंबईच्या सी. पी. टँक परिसरात सुट्या भागांच्या दुकानांबरोबर दिव्यांच्या फेरफारांची कारागिरी रुजली. बॅटरीच्या गाड्यांवरील त्यातला सर्वांत चतुर फेरफार मला दुहेरी तंतूच्या बल्बाचा वाटतो. मागच्या दिव्यातला 5 आणि 21 वॅटचा तो बल्ब, होल्डर बदलून, पुढच्या इंडिकेटरात बसवावयाचा. बारीक तंतू पार्किंगला जोडावयाचा, जाड तंतू वळण दाखविण्यास मोकळा ठेवावयाचा. बल्बाच्या दोन खुंट्या मुद्दाम कमीजास्त उंचीवर असल्यामुळे तो उलटा बसत नाही, व नवशिक्या मिस्त्रीचीही अब्रू राखली जाते. दुसरा फेरफार रिलेचा: हँडलवरच्या स्विचातून आणि लांबलचक बारीक तारांतून वाटेत झिजणारा दाब वाचविण्यासाठी मुख्य दिव्याला जाड तारेने थेट बॅटरीशी जोडावयाचे, व स्विचाकडे केवळ हुकूम देण्याचे काम ठेवावयाचे. एवढ्याने मूळचाच 35 वॅटचा बल्ब उजळून निघतो. पण गिऱ्हाइकाचे समाधान 60 वॅटच्या हॅलोजनवाचून होत नाही, मग जनित्राची ताकद असो वा नसो.

युद्धकाळात, 1971 साली, मुख्य दिव्यांच्या काचांचा वरचा भाग काळ्या रंगाने झाकला जात होता. पुढे शांततेच्या दिवसांतही समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून काचेवर काळा ठिपका देण्याचा शिरस्ता बराच काळ टिकला. आज तो ठिपका दिसत नाही, आणि पांढऱ्या एलईडीच्या झोताने समोरच्यास आंधळे करण्यात भूषण मानणारे स्वार मात्र दिसतात. 1988 च्या मोटार वाहन अधिनियमातील 52 वे कलम उत्पादकाने दिलेल्या रचनेत फेरफारास मनाई करते, हे त्यांच्या गावीही नसते. 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा मुख्य दिवा इंजिन सुरू होताच दिवसाढवळ्याही आपोआप लागू लागला व त्याचा स्विचच हँडलावरून नाहीसा झाला. तेव्हापासून त्याच मिस्त्र्यांकडे काही गिऱ्हाइके येतात ती दिवा विझविणारे बटण बसवून द्या म्हणून, आणि तेही थोडक्या पैशांत बसवून मिळते.