ग्वाल्हेरची गायकी आणि लाहोरचे मासिक

ग्वाल्हेरची गायकी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात रुजवली, हे आम्ही ग्वाल्हेरकर अभिमानाने सांगतो. मिरजेत त्यांच्यापाशी शिकलेल्या पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ती छापखान्यापर्यंत नेली, हे मात्र विसरतो.

५ मे १९०१ रोजी पंडितजींनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. गुरुगृही ऐकून शिकायची विद्या आता वर्गात आली. वर्ग म्हटला की विद्यार्थ्याच्या हाती छापील पाठ हवा. म्हणून त्यांनी स्वतःची स्वरलिपी बसवली, छापखाना घातला, क्रमिक पुस्तके काढली आणि ‘संगीतामृत प्रवाह’ हे मासिकही चालवले.

ही छपाई सोपी नव्हती. मंद्र स्वरावर बिंदू, तार स्वरावर उभी रेघ, मात्रेची खूण अक्षराखाली. एक खूण निसटली की सप्तकच बदलते!

आज आमच्या घरोघरी आजोबांच्या बंदिशींच्या वह्या कपाटात पडून आहेत आणि मुले गाणे मोबाइलवरून उचलतात. पुढील वर्षापासून या स्मरणिकेची चार पाने विद्यार्थ्यांसाठी राखावीत, असे आम्हांस वाटते. एक राग, स्वरलिपीसह एक बंदिश आणि ती कोणाकडून आली याची नोंद, एवढे पुरे. विद्या छापल्याने उणी होत नाही. कपाटात मात्र ती कसरीच्या तोंडी जाते.