सेवाग्रामची भाजी

परवा नागपूरहून उमरेडला परतताना वाटेतल्या एका हॉटेलात मुलगा, सून, नातू आणि मी जेवायला थांबलो. हॉटेलचे नाव लिहीत नाही. पाटोडी-रस्सा मागवला. पाटोड्या सकाळच्या असाव्यात, पार कोरड्या पडलेल्या, आणि रश्श्याला करपलेल्या मसाल्याचा वास. सगळ्यांनीच अर्धे ताटात टाकले. बिल देताना मालकाने विचारले, "का जी गुरुजी, जेवण कसं झालं?"

मी म्हणालो, "छान!"

गाडीत बसल्यावर नातवाने मोबाइल काढून त्या हॉटेलला एक तारा देऊन टाकला आणि वर मला म्हणाला, "आजोबा, तुम्ही खोटं बोललात." चौतीस वर्षे मुलांना 'नेहमी खरे बोलावे' शिकवलेला मी माणूस! रात्री झोप लागेना, आणि कधीतरी वाचलेला लुई फिशर आठवला.

हा अमेरिकन पत्रकार. फिलाडेल्फियाचा. जून १९४२ मध्ये तो आठवडाभर सेवाग्रामला गांधीजींकडे राहिला. आमच्या उमरेडहून सकाळी निघाले तर दुपारच्या जेवणाला पोचता येईल, असे हे सेवाग्राम. (त्याचे मूळ नाव शेगाव. गांधीजी १९३६ मध्ये तिथे राहायला आले, पण बुलढाण्याच्या शेगावशी नावाचा घोळ होऊ लागला म्हणून १९४० मध्ये सेवाग्राम झाले.) जून म्हणजे आपल्याकडचा जून, पाऊस यायच्या आधीचा. पाहुणा उन्हाने इतका हैराण झाला की पाण्याच्या टबात बसून टंकलेखन करू लागला. विदर्भातल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. आम्हीही लहानपणी विहिरीवर तेच करत होतो, फक्त टंकलेखन करत नव्हतो.

जेवण आश्रमाच्या पंगतीत, जमिनीवर बसून. फिशर गांधीजींच्या जवळ बसे आणि गांधीजी स्वतः त्याला वाढत. पण भाजी रोज तीच! पालक आणि भोपळ्याच्या जातीची काहीतरी, शिजवून लगदा केलेली. दोन दिवस त्याने निमूटपणे खाल्ली. तिसऱ्या दिवशी गांधीजी वाढू लागले तेव्हा त्याने हात जोडून नको म्हटले. भाज्या आवडत नाहीत का, असे गांधीजींनी विचारले. सलग तीन दिवस हीच चव आवडत नाही, असे त्याने सरळ सांगितले.

आता जरा विचार करा मंडळी. यजमान कोण, तर गांधीजी. त्यात आश्रमात 'अस्वाद' हे व्रत, म्हणजे जिभेचे चोचले पुरवायला जेवायचेच नाही. तिथे चवीला नावे ठेवणे म्हणजे आचाऱ्यालाच नव्हे, व्रतालाच नावे ठेवणे झाले. आपल्यापैकी कोणी असता तर म्हणाला असता, "वा बापू, काय सात्त्विक भाजी आहे!" आणि बाहेर येऊन तोंड वाकडे केले असते.

गांधीजी रागावले नाहीत. भरपूर मीठ घाल, लिंबू पिळ, असा उपाय त्यांनी सांगितला. म्हणजे चव मारून टाकायची का, असे फिशरने विचारले. मारायची नाही, वाढवायची, असे ते हसून म्हणाले. तुम्ही इतके अहिंसक की चवीचीही हत्या करणार नाही, अशी फिशरने कोपरखळी मारली. त्यावर, माणसांनी तेवढीच हत्या केली तर आपली हरकत नाही, असे गांधीजींचे उत्तर. बाहेर महायुद्ध चालू होते, हे ध्यानात घ्यावे.

पुढच्याच महिन्यात गांधीजींनी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना पत्र लिहिले, ते या फिशरच्या मार्फत. आणि ८ ऑगस्टला मुंबईत 'चले जाव'चा ठराव झाला. भाजीवरून पारख केली असे मी म्हणणार नाही. पण ताटातले खरे बोलणारा माणूस पत्राच्या कामीही भरवशाचा वाटला असेल, असे मला उगाच वाटते.

याच्या अगदी उलट प्रकार आपल्याच राज्यात घडला. ८ जुलै २०२५ च्या रात्री मुंबईच्या आकाशवाणी आमदार निवासाच्या कॅन्टीनमध्ये, डाळीला वास येतो म्हणून बुलढाण्याचे आमदार संजय गायकवाड यांनी तिथल्या माणसाला मारहाण केली. चित्रफीत घराघरात पोचली. आधीही तक्रारी केल्या होत्या, कोणी ऐकले नाही, असे त्यांचे म्हणणे. मुख्यमंत्र्यांनी हे वागणे चुकीचे म्हटले. पण गंमत पुढे आहे. दुसऱ्याच दिवशी अन्न व औषध प्रशासनाने तपासणी करून, नमुने घेऊन कॅन्टीनचालकाचा परवाना निलंबित केला. म्हणजे तक्रारीत तथ्य नव्हते असे नाही! आमदारांचेच ऐकले जात नसेल तर तिथे जेवणाऱ्या शिपायाचे, ड्रायव्हरचे कोण ऐकणार? हा प्रश्न मात्र त्या गुद्द्यांच्या आवाजात बुडाला, आणि मार बसला तो समोर हाती लागला त्याला.

असो. मला बोचत होते ते वेगळेच. फिशरला विचारले गेले आणि तो बोलला. मलाही विचारले होते. मालक स्वतः, गल्ल्यावरून, तोंडाने विचारत होता.

गुरुवारी एस.टी.ने एकटाच गेलो. दुपारची गर्दी ओसरली होती. म्हणालो, "परवा मी छान म्हणालो ते खरं नव्हतं. पाटोड्या शिळ्या होत्या आणि मसाला करपला होता."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सकाळच्याच होत्या जी. बाई आली नव्हती त्या दिवशी, म्याच केल्या." पुन्हा थांबून, "थो एक तारा तुमच्याच घरच्यानं देला का?"

"हो," म्हणालो. "नातवानं."

त्याने पोऱ्याला दोन चहा सांगितले. माझ्या चहाचे पैसे मात्र घेतले.